प्रसिद्धीपत्रकं पाठवते, पण बातमी येत नाही. नेमकं अडतं कुठे?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. माझा शिवणकामाचा छोटा व्यवसाय आहे. मी, आणि शिलाईला दोघीजणी. आम्ही नेहमीचे कपडे शिवत नाही. पक्षाघातानंतर एक हात चालत नाही, संधिवाताने बोटं वळत नाहीत, दिवसभर व्हीलचेअरवर बसून राहावं लागतं, अशा माणसांना आपले आपण घालता येतील असे शर्ट, पायजमे, गाऊन शिवतो. गिऱ्हाईक आहे, पण सगळं तोंडी प्रचारावर. ज्यांना गरज आहे त्यातल्या बहुतेकांना असे कपडे मिळतात हेच माहीत नाही.

म्हणून वर्तमानपत्रं, मासिकं, दोन-तीन वृत्तवाहिन्या, जिथले पत्ते मिळाले तिथे प्रसिद्धीपत्रक पाठवलं. कुठूनही साधी पोचसुद्धा नाही. सुरुवात अशी केली होती:

"अल्पावधीतच ग्राहकांच्या पसंतीस उतरलेल्या आमच्या संस्थेने आपल्या यशस्वी वाटचालीची पाच वर्षे पूर्ण केली असून, गुणवत्ता व विश्वासार्हता या दोन तत्त्वांच्या बळावर नावीन्यपूर्ण वस्त्रनिर्मितीच्या क्षेत्रात आपला अमीट ठसा उमटविला आहे."

पुढे संस्थेची माहिती, माझं मनोगत, उत्पादनांची यादी, आणि शेवटी एक ओळ, की पेसमेकरवाल्यांना चालत नाहीत म्हणून चुंबकाची बटणं आम्ही बंद केली आहेत आणि आता वेगळी पद्धत वापरतो.

एका ठिकाणाहून फोन आला, पण तो जाहिरात विभागाचा. म्हणाले, आधी जाहिरात द्या, बातमीचं मग बघू. असंच चालतं का सगळीकडे? एजन्सी लावावी लागते का? की आमच्यासारख्यांनी या भानगडीत पडूच नये?

वेबवाला

ताई, एकेकाला मेल करत बसू नका. पैसे भरून प्रसिद्धीपत्रक वाटणाऱ्या सेवा असतात. एकदा मजकूर दिला की शेकडो संकेतस्थळांवर जातो. वर गुगलच्या शोधात पुढे यायला मदत करणाऱ्या लिंकही मिळतात. तुमच्या व्यवसायाचं नाव शोधलं की पानभर निकाल दिसतील.

रात्रपाळी

बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली आहेत, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. तुमच्यासारखी पत्रकं रोज समोर यायची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वेबवाल्यांचं. त्या सेवा खोट्या नाहीत, पण त्या कोणासाठी निघाल्या ते बघा. पीआर न्यूजवायर 1954 साली सुरू झाली, बिझनेस वायर 1961 साली. कंपनीचं निवेदन एकाच वेळी सगळ्या वृत्तसंपादकांपर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ते लागतंच, कारण नफ्यातोट्याची माहिती एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर देऊन त्यांना चालत नाही. तीन माणसांच्या शिवणकामाला त्याचा काय उपयोग? शेकडो संकेतस्थळांवर मजकूर "जातो" म्हणजे एका कोपऱ्यातल्या पानावर आपोआप चिकटतो. तो ना कुठला संपादक वाचतो, ना वाचक. लिंकचं म्हणाल, तर हवे ते शब्द घालून पत्रकात पेरलेल्या आणि अशा रीतीने गावभर वाटलेल्या लिंका आम्ही कृत्रिम धरतो, असं गुगलने 2013 मध्येच सांगून टाकलंय. तेव्हा ते पैसे कापडात घाला.

आता तुमचं पत्रक. सुईदोरा ताई, रागावू नका. तुम्ही दिलेल्या त्या पहिल्या वाक्यात तुमचं नाव काढून लोणच्याच्या कारखान्याचं घातलं तरी ते वाक्य चालतं. गाळणी इथेच लागते. डेस्कवरचा माणूस पत्रक "वाचत" नाही. मेलची विषयाची ओळ बघतो, पहिलं वाक्य बघतो, आणि यात आपल्या वाचकासाठी काय आहे ते सापडलं नाही तर पुढच्या मेलवर जातो. हा उर्मटपणा नाही. पानं छपाईला सोडायची वेळ ठरलेली असते आणि टपाल संपत नाही. तुम्हाला पाच वर्षं झाली याचा आनंद तुम्हाला, तुमच्या घरच्यांना. वाचकाचं त्यात काय बदललं?

आणि मग तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिता, चुंबकाची बटणं बंद केली.

मी त्या जागी असतो आणि चुकून शेवटपर्यंत पोचलो असतो, तर तिथेच थांबलो असतो. कारण बातमी ती आहे. एका हाताने लावता येतात म्हणून चुंबकी बटणं या कपड्यांत सर्रास वापरली जातात. पण जोरकस चुंबक पेसमेकरच्या अगदी जवळ आला की पेसमेकरचं नेहमीचं काम बदलतं, तो तात्पुरता वेगळ्याच पद्धतीने चालायला लागतो. जोरकस चुंबक असलेले मोबाइल, घड्याळं अशा वस्तू या उपकरणांपासून निदान सहा इंच लांब ठेवा असं एफडीए या अमेरिकेतल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं सांगणं आहे. शर्टाची बटणं कुठे असतात? छातीवर. पक्षाघात झालेल्यांपैकी काहींना हृदयाचंही दुखणं असतं. म्हणजे ज्याच्यासाठी वस्तू बनवली, त्याच्यातल्याच काहींना ती घातक ठरू शकते. घरात असा रुग्ण असलेला वाचक हे वाचून थांबेल, कापून ठेवेल, मावशीला पाठवेल. आणि ही माहिती तुमच्याकडे आहे कारण तुम्ही रोज ते काम करता. हेच पत्रकात वर हवं.

वर का, तेही सांगतो. बातमी पानावर लावताना जागा कमी पडली की खालून कापतात. संध्याकाळी उशिरा एखादी जाहिरात आली, की आठ परिच्छेदांची बातमी तीन परिच्छेदांची होते, आणि कापणारा मधलं निवडत बसत नाही, शेवट उडवतो. म्हणून पहिला परिच्छेद एकटा उरला तरी बातमी पुरी व्हायला हवी. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. त्यातलं तुमच्या बाबतीत "का" सगळ्यात वजनदार आहे, तर तिथूनच शिरा. पाच वर्षं पूर्ण झाल्याचा मजकूर अगदी तळाला टाका. कापला गेला तरी बिघडत नाही.

जाहिरातवाल्या फोनबद्दल. होतं असं, आणि सगळीकडे होतं असं मात्र नाही. तुमचं पत्रक संपादकीय विभागाने वाचून जाहिरात विभागाकडे सरकवलं असण्याचीही शक्यता आहे, कारण ते जाहिरातीसारखंच होतं. प्रसिद्धीपत्रक या प्रकाराचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात, तो आयव्ही ली. 1906 मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वेगाडी पाण्यात कोसळली, पन्नासहून जास्त माणसं गेली. अशा वेळी रेल्वे कंपन्या दार लावून बसत. त्या रेल्वे कंपनीसाठी काम करणाऱ्या लीने उलट केलं, अपघाताची माहिती लिहून स्वतःच वर्तमानपत्रांना दिली आणि बातमीदारांना जागेवर नेलं. त्याच वर्षी त्याने संपादकांना आपली तत्त्वं कळवली, त्यात एक असं होतं, की आमचा मजकूर तुमच्या धंद्याच्या खात्याकडे जायला हवा असं तुम्हाला वाटलं तर तो वापरू नका. पुढे तो स्वतः या तत्त्वाला किती जागला हा वेगळा विषय, पण कसोटी म्हणून अजून चालते. पाठवण्याआधी स्वतःलाच विचारा, हे वाचून माणूस जाहिरात खात्याचा नंबर देईल का?

पैसे देऊन मजकूर छापून आणायचाच असेल तर तो जाहिरात म्हणूनच छापला जावा असा आग्रह धरा. बातमीच्या वेशात छापून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. उद्या कुणाला कळलं तर बदनामी तुमची होते, त्यांची नाही.

एजन्सी आत्ता नको. तुमची गोष्ट तुमच्याइतकी कोणाला सांगता येणार नाही, आणि एजन्सीतला नवशिका मुलगा "अग्रगण्य" आणि "नावीन्यपूर्ण" परत आत घालणार. हल्ली तर ते काम यंत्रंच करतात, दहा पत्रकं शेजारी ठेवली तर दहाही सख्खी भावंडं वाटतात.

लाकूडकाम

रात्रपाळी यांच्याशी सहमत. स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या खेळण्यांबद्दल एका पुरवणीत अर्धं पान आलं होतं. दोन दिवस फोन थांबेना, पण विचारणा कशाची, तर जे आम्ही बनवतच नाही त्याची. विक्री थोडी वाढली आणि परत होती तिथे आली. खरा फायदा नंतर झाला. शाळांकडे माल दाखवायला जाताना ते कात्रण सोबत असायचं, आणि "तुम्ही कोण" हा प्रश्न बंद झाला. तुमच्या बाबतीत फिजिओथेरपीची केंद्रं, रुग्णालयं इथे कात्रण कामी येईल.

शिवाय मोठ्या पेपरांच्या मागे लागण्याआधी फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, रुग्णांच्या नातेवाईकांचे गट यांची जी छोटी नियतकालिकं, वार्तापत्रं निघतात तिथे पाठवा. वाचक थोडे, पण सगळे तुमचेच.

सुईदोरा

खूप खूप आभार. ते लोणच्याचं वाचून हसूही आलं आणि कानही लाल झाले. काल बसून पुन्हा लिहिलं:

"एका हाताने लावता यावीत म्हणून शर्टाला बसवलेली चुंबकी बटणं पेसमेकर असलेल्या रुग्णांसाठी धोक्याची ठरू शकतात. हे लक्षात आल्यावर आमच्या शिवणकेंद्राने चुंबक पूर्णपणे काढून टाकले असून, वरून नेहमीची बटणं आणि आत वेल्क्रोची पट्टी असलेला शर्ट तयार केला आहे. तो एका हाताने घालता व काढता येतो."

पुढे लिहिलंय की वेल्क्रो उघडी ठेवून धुतली तर तिच्यात धागे अडकतात आणि महिन्याभरात ती धरेनाशी होते, म्हणून आम्ही पट्टी अखंड न लावता बटणाएवढे तुकडे लावतो आणि धुण्याआधी मिटवायला सांगतो. हे ठेवू की काढू? फार बारीक वाटतं.

आणखी काही शंका. हे कोणाला पाठवायचं, संपादकांना? फोटो कसले? लोगो पाठवला होता. बातमी छापण्याआधी मला दाखवा असं सांगता येतं का? आणि मजकुरावर "अमुक तारखेपर्यंत प्रसिद्ध करू नये" असं लिहायचं असतं म्हणे?

रात्रपाळी

वेल्क्रोचं ठेवा! ते बारीक आहे म्हणूनच ठेवा. ती ओळ वाचली की कळतं, या बाईने हजार वेळा हे धुऊन पाहिलंय. असली ओळ कोणी कापत नाही, उलट बातमीदार तिच्यावरून तुम्हाला फोन करतो.

पहिल्या वाक्यात एक दुरुस्ती. "धोक्याची ठरू शकतात" हे तुम्ही म्हणून चालणार नाही. तुम्ही कपडे शिवता, वैद्यकीय सल्ला देत नाही, आणि हे वाक्य तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या मालाबद्दलही आहे. एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारा, त्यांचं म्हणणं दोन वाक्यांत लेखी घ्या, आणि नाव छापायला परवानगी आहे हेही लेखी घ्या. मग लिहा, की अमुक डॉक्टरांच्या मते असं होऊ शकतं. चुंबकी बटणं वापरणारे सगळे संकटात आहेत असा सूर नको. ज्यांना पेसमेकर किंवा तसलं उपकरण बसवलेलं आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं, एवढंच. घाबरवणारं पत्रक छापून येतं, नाही असं नाही, पण दुसऱ्या दिवशी खुलासाही छापावा लागतो.

तुमचं मनोगत आहे का अजून आत? "समाजाचं ऋण फेडण्याच्या भावनेतून" असलं काही असेल तर काढा. त्या जागी तुमचा शर्ट वापरणाऱ्या एखाद्या माणसाचं बोलणं घाला, जसं तो बोलला तसं. "बायकोला हाक न मारता तयार झालो" असं कोणी म्हणालं असेल तर मथळाच मिळाला. म्हणालं नसेल तर तयार मात्र करू नका. बातमीदार त्या माणसाला फोन लावून विचारणार.

कोणाला पाठवायचं? "मा. संपादक" हा पत्ता म्हणजे विहीर. जे वर्तमानपत्र, जी पुरवणी तुम्हाला हवी आहे तिचे मागचे काही अंक काढून बसा. आरोग्यावर कोण लिहितं, अपंगत्वाच्या प्रश्नांवर कोणाचं नाव दिसतं, छोट्या उद्योगांची सदरं कोण चालवतं. त्या माणसाला त्याच्या नावाने मेल करा, आणि त्याचा एखादा लेख खरंच वाचला असेल तर एका ओळीत तसं म्हणा. सगळ्यांना एकाच मेलमध्ये, पत्त्यांची लांबलचक रांग दिसेल असं तर कधीच पाठवू नका. एखाद्या बातमीदाराला "हे आधी फक्त तुम्हाला देते" असं सांगायचं असेल तर खुशाल सांगा, पण मग शब्द पाळा. दोघांना तेच सांगितलंत आणि दोघांकडेही छापून आलं, तर पुढचा फोन दोघेही उचलणार नाहीत.

मजकूर मेलच्या अंगातच चिकटवा. स्कॅन केलेली पीडीएफ आली की तिच्यातून अक्षर उचलता येत नाही, कोणीतरी पुन्हा टाइप करायला लागतं, आणि रात्री ते कोणी करत नाही. टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं आमच्याकडे उघडलं की नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. लांबी एका पानाची. तळाला तुमचं नाव आणि जो फोन तुम्ही खरोखर उचलता तो नंबर. भाच्याचा नको. बातमीदार दोनदा प्रयत्न करतो, नंतर दुसरा विषय घेतो.

तारखेची अट, म्हणजे एम्बार्गो, तुम्हाला लागत नाही. ती दोन्हीकडून कबूल असेल तरच बांधते. नुसती वर लिहून टाकली म्हणजे समोरच्याने मान्य केली असं होत नाही. तारीख वेगळ्या अर्थाने मात्र कामाची आहे. 29 ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन, 3 डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन. त्या सुमारास पुरवण्यांना या विषयावर काहीतरी हवंच असतं, आणि दरवर्षी तेच ते कार्यक्रम आणि भाषणं येतात. तुम्ही आदल्या दिवशी पाठवलंत तर गर्दीत जाल. पुरवणीची पानं आधीच ठरतात, तर तीन-चार आठवडे हातात ठेवून पाठवा. मासिक असेल तर आणखी कितीतरी आधी.

छापण्याआधी दाखवा असं म्हणू नका. बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतील, आणि मागणीनेच माणूस सावध होतो. त्याऐवजी म्हणा, तांत्रिक काही शंका असेल तर कधीही फोन करा. पेसमेकर, वेल्क्रो, धुण्याची पद्धत यांची खातरजमा तो स्वतःच करून घेईल. तरीही चूक छापली तर शांतपणे नेमकी ओळ दाखवून दुरुस्ती मागा. सूर वकिलाच्या नोटिशीचा नको.

पाठपुरावा एकदाच, दोन-तीन दिवसांनी, त्याच मेलखाली, आणि काहीतरी नवीन घेऊन. "डॉक्टरांशी बोलायचं असल्यास ते अमुक वेळी मोकळे आहेत" असं. "मेल मिळाला का?" हा फोन संध्याकाळी सात वाजता आला की मी मिळाला नाही असंच सांगायचो, मिळालेला असला तरी.

त्यांचा फोन आला तर किंमत काय, आतापर्यंत किती विकले, आणखी कोण बनवतं, हा कपडा कोणाला चालत नाही, हे प्रश्न येणारच. शेवटच्याचं उत्तर नीट तयार ठेवा. दोन्ही हात चालत नसतील तर तुमच्या शर्टाचा उपयोग नाही ना? मग तसं सांगा. मर्यादा सांगणाऱ्या माणसावर बातमीदार पटकन विश्वास ठेवतो.

फोटोचं. लोगो कोणी छापत नाही. तुमचा हसरा फोटो, पुष्पगुच्छ, फीत कापणं, यातलंही काही नको. एकच हात, शर्टाची पट्टी दाबून लावताना, जवळून. दुसरा हात मांडीवर तसाच पडलेला दिसला तर वाचकाला एका नजरेत सगळं कळतं. आडवा एक, उभा एक, खिडकीच्या उजेडात. त्या माणसाचा चेहरा दिसत असेल तर छापायला त्याची लेखी संमती घ्या, आणि ती घेताना फोटो वर्तमानपत्रात येणार हे स्पष्ट सांगा. घरच्यांनी परवानगी दिली एवढ्यावर भागवू नका. फोटोत कोण आहे, काय करतंय, कोणी काढला, हे मेलमध्ये लिहा.

सुईदोरा

डॉक्टरांशी बोलणं झालं, ते दोन वाक्यं लिहून देणार आहेत. आमचे एक गिऱ्हाईक फोटोला तयार आहेत, फक्त म्हणाले, चेहरा नको, हात चालेल. विषयाच्या ओळीत "प्रसिद्धीसाठी" लिहायचं ना?

रात्रपाळी

चेहरा नसेल तर उत्तमच, हातच हवा होता. "प्रसिद्धीसाठी" नको, दिवसभर तेच येत असतं. "पेसमेकर असलेल्यांसाठी चुंबकाविना एका हाताने लावायचा शर्ट" असं लिहा. मोबाइलवर ओळ मध्येच तुटते, म्हणून "पेसमेकर" पुढे हवा. मेल सकाळी जाऊ द्या. फोटो मेललाच मूळ आकारात जोडा. कोणी व्हॉट्सॲपवर मागितला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून टाकलात तर तो दाबून लहान होतो आणि छपाईत फुटतो.